भय्यासाहेबांच्या लेखाचं प्रूफ

दीक्षितपुऱ्यात मराठी मजकूर कंपोझ करून देणारं आता एकच दुकान उरलं आहे आणि त्यात माणूसही एकच, पुंडलिक गभणे. वय अठ्ठावन्न, जाड चष्मा, मान जरा पुढे आलेली. लग्नाच्या पत्रिका, बारशाची निमंत्रणं, तेरवीच्या चिठ्ठ्या, मराठी मंडळाचे अहवाल, असं जबलपुरातल्या मराठी माणसांचं सगळं छापील आयुष्य त्याच्या हाताखालून जातं. त्याला विचारावं, बाबा रे, परवा कोणाची पत्रिका केलीस, तर तो डोकं खाजवेल. पण त्या पत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांच्या नावातला काना आधी राहून गेला होता, हे तो वर्षभरानेसुद्धा सांगेल.

यात त्याचा दोष नाही. सतराव्या वर्षी तो प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे जुळवायला बसला, तेव्हा फोरमनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मजकुरात गुंतायचं नाही. अक्षर पाहायचं. अर्थ पाहायला लागलास की चूक नजरेतून सुटलीच समज." पुंडलिकने हे इतकं मनावर घेतलं की चाळीस वर्षांत त्याने हजारो पानं वाचली आणि एकही वाचलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. पुढे खिळे गेले, प्रेस बंद पडली, कॉम्प्युटर आला. माणूस मात्र तोच राहिला.

दुकान म्हणजे भाड्याच्या घराची पुढची खोली. मागे पडदा, पडद्यामागे झोपायची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि मग तीन भाडेकरूंचं सामायिक अंगण. नळ आणि संडास त्या अंगणात. घरात पुंडलिक, बायको सत्यभामा आणि लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला एकुलता एक योगेश. योगेश वीस वर्षांचा. पाच महिन्यांपूर्वी तो फौजेत भरती झाला होता आणि सध्या लांबच्या एका ट्रेनिंग सेंटरात होता. म्हणजे असायला हवा होता.

नऊ दिवसांपूर्वी सकाळी दूधवाल्याच्या आधी दार वाजलं. दारात योगेश. तोंडाला रुमाल, हातात एक पिशवी, डोक्यावरचे केस इतके बारीक की सत्यभामाने आधी ओळखलंच नाही.

"सुट्टी भेटली का रे?" पुंडलिकने विचारलं.

"नाही."

एवढंच. पुंडलिकने दार लावलं, कडी घातली आणि तेव्हापासून ती कडी जणू त्याच्या गळ्यात पडली. नऊ दिवस ते पोरगं पडद्यामागे होतं. अंगणात जायचं तर बाकीचे भाडेकरू कामावर गेल्यावर, तेही डोक्याला पंचा गुंडाळून. सत्यभामाने कणीक नेहमीपेक्षा जास्त भिजवली तर समोरच्या विनीताबाई लगेच म्हणाल्या, "क्यों दीदी, मेहमान आए हैं क्या?" तेव्हापासून ती दोन वेळा थोडी थोडी कणीक भिजवायला लागली. खोकला आला तर योगेश उशीत तोंड खुपसून खोकायचा. घर त्याचंच होतं, पण त्या घरात तो श्वाससुद्धा मोजून घेत होता.

"कोणी मारलं का तिथं?" आईने पहिल्या दिवशीच विचारलं.

"नाही आई. सगळे चांगले आहेत."

"मग काहून आला?"

"पता नहीं," तो म्हणाला. "तिथं सगळ्यांना माहीत आहे ते काहून आले ते. कोणाचा बाप फौजी, कोणाला घर चालवायचं आहे, कोणाला बचपन से शौक. मला कोणी विचारलं तर मी चूप."

हे ऐकून पुंडलिक चक्रावला. कारण त्याची समजूत अशी की पोराला भारी हौस. पॉलिटेक्निकला नंबर लागलेला असताना पोरगं उठलं आणि भरतीच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. निवड झाल्याचं सांगितलं त्या दिवशी पुंडलिकने एकच पत्रिका तीनदा तपासली. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. पण सकाळी तो एवढंच म्हणाला, "नक्की न?" पोरगं म्हणालं, "हो." आठ दिवसांनी मंडळात सत्कार झाला, शाल पडली, नारळ हातात आला, भय्यासाहेबांनी पोराच्या पाठीवर थाप मारली, आणि मग बापाने बोलण्यासारखं काही उरलंच नाही.

भय्यासाहेब पातुरकर म्हणजे जबलपुरातल्या मराठी माणसांचं जुनं दैवत. बासष्टच्या लढाईनंतर कॉलेज सोडून फौजेत गेले, पाच वर्षं काढली, कॅप्टन म्हणून परतले आणि राजकारणात पडले. तीन वेळा आमदार, एकदा राज्यमंत्री. आज वय चौऱ्याऐंशी. डोळे जवळपास गेलेले, कान मात्र तिखट. पक्ष बदलले, सरकारं बदलली, झेंडे बदलले, पण मंडळाच्या स्मरणिकेतला त्यांचा लेख बदलला नाही: 'सैन्यसेवा, नेतृत्व आणि राष्ट्रीय एकता'. गेली एकतीस वर्षं तोच लेख. कधी एखादा परिच्छेद आत यायचा, कधी एखाद्या लढाईचं नाव बदलायचं. लोक गमतीने म्हणायचे, गणपती एखाद्या वर्षी उशिरा येईल, लेख येणारच.

आणि खरं सांगायचं तर लेख वाईट नव्हता. त्यात उगाच छाती बडवणं नव्हतं. नेता कोण, तर ज्याला आपल्या माणसांच्या बुटांचे नंबर पाठ आहेत तो, असं त्यात लिहिलं होतं. माझ्या प्लाटूनमधले जवान आठ भाषांत कुरकुरायचे पण थंडी सगळ्यांना एकाच भाषेत वाजायची, एकता मी तिथं शिकलो, भाषणांतून नाही, असंही होतं. आणि मग तो सगळ्यांना ठाऊक असलेला परिच्छेद: 'प्रत्येक घराने आपला एक मुलगा देशाला द्यावा. कोणी मागायची वाट पाहू नये.' भय्यासाहेबांच्या घराने दोन दिले होते, एक पुण्याच्या कंपनीला आणि एक कॅनडाला. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

या लेखाचं प्रूफ वाचायची एक रीत होती. भय्यासाहेबांचा छापील कागदावर विश्वास नव्हता, कानावर होता. दर वर्षी ते स्वतः दुकानात यायचे, वेताच्या खुर्चीत बसायचे आणि पुंडलिकने सगळा लेख मोठ्याने वाचून दाखवायचा. पुंडलिकचा आवाज मुळात बारीक. पण प्रेसमध्ये मशीनच्या खडखडाटात प्रूफ वाचायची सवय लागलेली, त्यामुळे वाचताना तो खणखणीत लागायचा. घरात कधी चढ्या आवाजात न बोलणारा हा माणूस वर्षातून एक दिवस असा काही वाचायचा की गल्लीतली पोरं दारात येऊन उभी राहायची.

या वर्षी पुंडलिकने टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला. कॉम्प्युटर बिघडला म्हणाला, ताप आला म्हणाला, "साहेब, मी घरी येऊन वाचतो न" म्हणाला. भय्यासाहेब फोनवर हसले. "तू घरी आलास तर तिथली चार माणसं मध्ये बोलतील. रविवारी प्रकाशन आहे, मी आजच येतो." आणि शुक्रवारी सकाळी अकराला ड्रायव्हर त्यांना हाताला धरून दुकानात बसवून गेला. वेताची खुर्ची नेमकी पडद्याला लागून होती.

आत योगेश पलंगावर पाय वर घेऊन बसला. सत्यभामा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पंखा फिरत होता तरी पुंडलिकच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

"हं, कर सुरू."

पुंडलिकने सुरू केलं. बुटांचे नंबर झाले, आठ भाषा झाल्या, प्रत्येक घराने एक मुलगा झाला. भय्यासाहेबांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मग या वर्षी फोनवरून नव्याने सांगितलेलं वाक्य आलं. पुंडलिकने ते सोडून थेट पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

"थांब," भय्यासाहेब म्हणाले. "मधलं वाक्य गिळलंस."

"हो का? नजर चुकली वाटते, साहेब."

"तुझी नजर? चाळीस वर्षांत चुकली नाही ती आज चुकली? अरे, तुझंच कौतुक आहे त्यात, लाजतोस कशाला? वाच."

"'याच दीक्षितपुऱ्यातल्या एका साध्या कंपोझिटरचा एकुलता एक...'" इथे पुंडलिकचा आवाज फाटला. तो पाणी प्यायला. "'एकुलता एक...'" पुन्हा तिथेच. अक्षरं समोर लखलखीत दिसत होती, एकही चूक नव्हती, आणि ती वाचता येत नव्हती. असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

पडदा हलला. योगेश बाहेर आला, बापाच्या खांद्यामागे उभा राहिला आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचं बघून वाचायला लागला. बोलायला त्याला मराठी यायची, वाचताना मात्र अडखळायचा. "'...एकुलता एक मुलगा, चिरंजीव योगेश, आज देशाच्या गण... गणवेशात उभा आहे. ज्या घराकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्या घराने सर्वांत मोठं दान दिलं.'"

सत्यभामाने पदर तोंडात कोंबला.

"हा कोण?" भय्यासाहेबांनी मान वळवली. त्यांना एक उभी सावली तेवढी दिसत असावी.

"ऑपरेटर," पुंडलिकच्या तोंडून निघून गेलं. "नवीन ठेवला. रिछाईच्या वस्तीतला पोरगा आहे."

अकरा वर्षं नवस बोलून झालेलं पोर त्याने हातभर अंतरावर उभं असताना दुसऱ्याचं करून टाकलं होतं. योगेशने बापाकडे पाहिलंही नाही.

"गळा चांगला आहे याचा," भय्यासाहेब खूश होऊन म्हणाले. "जरा अडखळतो, पण मनापासून वाचतो. पुंडलिक, माझं ठरलं. रविवारी मंचावरून माझा लेख हाच वाचेल. पार चेरीताल मोहल्ल्यापासून सगळे येणार आहेत, कळू दे लोकांना की आपली तरुण पोरं मराठी वाचतात."

रविवारी सगळे येणार. ज्यांनी शाल घातली ते, ज्यांनी नारळ दिला ते, ज्यांनी स्टेशनवर जाऊन हार घातले ते. पुंडलिकला नाही म्हणायला एकही कारण सुचेना.

"ते जमणार नाही जी," योगेश म्हणाला. "मी ऑपरेटर नाही. मी योगेश."

भय्यासाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांचा चेहरा पुढाऱ्याचा होता तो हळूहळू कॅप्टनचा झाला.

"कितवा दिवस?"

योगेशच्या टाचा आपोआप जुळल्या. "घरी येऊन नववा, सर."

"सांगून आलास की पळून?"

"पळून, सर."

"हं." भय्यासाहेब रागावले नाहीत, हे पुंडलिकला जास्त जड गेलं. "तीस दिवस झाले की तुझा कागद इथल्या ठाण्यात येईल. मग पोलीस येतील, तेही याच दारातून. त्याच्या आत स्वतः जाऊन हजर झालास तर शिक्षा होईल, थोडे दिवस कोठडीत काढशील, पण माणसात राहशील. राहायचं नसेल तर तसंही तिथं उभं राहून सांग. माझ्या हाताखाली असे दोन आले होते. एक परत आला, एक आलाच नाही. जो आला नाही तो पुढे कुठेच राहू शकला नाही, सारखा गाव बदलत राहिला. उद्याच्या गाडीने निघ."

मग ते पुंडलिककडे वळले. "आणि ते वाक्य राहू दे. पोरगा परत गेला की खरं होतं ते."

इतका वेळ दारात उभी असलेली सत्यभामा पुढे आली. आयुष्यात ती भय्यासाहेबांपुढे दोन शब्द बोलली नव्हती. "तुमचं वाक्य खरं करासाठी माहं पोरगं पाठवू का जी मी?"

"वहिनी, वाक्यासाठी नाही. त्याच्यासाठीच सांगतो आहे." भय्यासाहेबांचा आवाज पहिल्यांदा जरासा खाली आला. "पण मला एक कळू द्या. पोरा, जायचं नव्हतं तर गेलास कशाला? पॉलिटेक्निकला नंबर लागला होता म्हणे. कोणी बळजबरी केली?"

योगेशने बापाकडे पाहिलं. "बाबांनी सांगितलं होतं."

"मी?" पुंडलिक खुर्चीतून अर्धा उठला. "मी कधी सांगितलं रे? मी तर एक शब्द बोललो नाही!"

"दरसाल सांगत होते तुम्ही." योगेशचा सूर तक्रारीचा नव्हता. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं तो बोलत होता. "मी आत अभ्यास करत राहायचो. तुम्ही घरात कधी मोठ्याने बोलले नाही, मला कधी हे कर ते कर म्हटलं नाही. सालभर चूप. आणि त्या एका दिवशी इतक्या जोरात, प्रत्येक घराने आपला एक मुलगा द्यावा. कोणी मागायची वाट पाहू नये. आपल्या घरात दूसरा है कौन, बाबा? मला वाटलं, तुम्हाला तोंडावर म्हणता येत नाही म्हणून असं सांगून राहिले. मोठा झालो तेव्हा समजलं की लेख साहेबांचा आहे. पण तोपर्यंत मनात बसलं होतं की बाबांनाही हेच पाहिजे. भरतीत नाव लागलं तेव्हा तुम्ही 'नक्की न' एवढंच म्हणाले. मला वाटलं, खात्री करून राहिले की मी माघार घेणार नाही."

ती दर वर्षीची सकाळ पुंडलिकला आठवली. पडद्याआड पाटीवर खडू घासणारं सहा वर्षांचं पोर, मग दहा वर्षांचं, मग चौदा वर्षांचं. आणि आपण इकडे खुर्चीत बसून खड्या आवाजात वाचतो आहोत, ऱ्हस्व-दीर्घ पाहतो आहोत, काना-मात्रा मोजतो आहोत. ती वाक्यं त्याच्या डोळ्यांतून तोंडात आणि तोंडातून बाहेर जायची. कुठे जाऊन पडतात हे पाहायचं त्याला कधी सुचलं नाही.

"पण मी तर प्रूफ वाचत होतो रे," तो म्हणाला.

बाहेर एक स्कूटर थांबली, कोणीतरी "गभणे अंकल, पत्रिका?" म्हणून हाक मारली. सत्यभामाने "नंतर या" म्हणून दार पुढे लोटलं. आता त्या खोलीत ते चौघेच होते, आणि चौघांपैकी कोणालाच बाहेर पडायची वाट दिसत नव्हती.

शेवटी भय्यासाहेब म्हणाले, "एकतीस वर्षं तू माझं म्हणणं वाचतो आहेस, पुंडलिक. मला कधी वाटलंच नाही विचारावं. तुझं काय म्हणणं आहे?"

साधा प्रश्न होता. पण पुंडलिकने मनात हात घातला तर हाती सगळं भय्यासाहेबांचंच येत होतं. बुटांचे नंबर, आठ भाषा, देशाचा गणवेश. स्वतःचं म्हणून एक वाक्य शोधायला तो आत आत जात राहिला आणि तिथे सगळीकडे दुसऱ्यांच्या पत्रिका, दुसऱ्यांची बारशी, दुसऱ्यांचे लेख. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आणि पोराला सांगायला त्याच्याकडे चार शब्द नव्हते.

मग त्याने माऊस धरला. 'याच दीक्षितपुऱ्यातल्या'पासून 'दान दिलं'पर्यंत सगळं निळं केलं आणि कळ दाबली. खालचा मजकूर सरकून वर आला.

"ते वाक्य निघालं, साहेब," तो म्हणाला. भय्यासाहेबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"पुरं वाचून झालं," पुंडलिक म्हणाला आणि खुर्ची फिरवून पोरासमोर झाला. आवाज त्याचा नेहमीचा होता, बारीक, शेजारच्या खोलीतसुद्धा न जाणारा. "योगेश, मला तू घरी पाहिजे. फौज चांगली असेल, साहेब बरोबर असतील, मला त्यातलं काही समजत नाही. तू गेला त्या दिवशी मी इथंच बसून रडलो. मला तू माझ्याजवळ पाहिजे होता."

योगेश आत गेला. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. पिशवी घेऊन तो बाहेर आला तेव्हा त्याने तोंडाला रुमाल बांधला नव्हता आणि डोक्याला पंचाही गुंडाळला नव्हता.

"हे तेव्हा सांगायचं होतं न, बाबा," तो म्हणाला. "आता मी फौजेच्या कागदावर सही करून बसलो."